वॉलेटचे दिवस संपले? मग यूपीआय लाईट काय आहे?

यूपीआयवरच्या एका लेखात म्हटलंय की यूपीआयने पैसे थेट बँकेतून जातात, त्यामुळे मोबाईल वॉलेटची आता गरज उरली नाही. हे काही पटलं नाही बुवा. यूपीआय लाईट हे वॉलेटच आहे की! आधी खात्यातून थोडे पैसे त्यात टाकून ठेवायचे आणि मग पिन न टाकता खर्च करायचे. 2022 ला आलं तेव्हा एका वेळी 200 रुपयांचीच मर्यादा होती, आता 1000 आहे आणि एकूण 5000 ठेवता येतात. भाजीवाल्या मावशींकडे एका हातात पिशवी, मागे चार माणसं खोळंबलेली, अशा वेळी 20 रुपयांच्या कोथिंबिरीसाठी पिन मारत बसणं आणि त्यात बँकेचा सर्व्हर डाऊन, हे ज्याने भोगलंय त्याला विचारा.

दुसरं म्हणजे पासबुक. आमच्या बाबांच्या पासबुकात आधी चहा 15, केळी 30, रिक्षा 26 अशी पानंच्या पानं भरायची, प्रिंट काढताना काउंटरवरचे साहेब वैतागायचे (पेन्शनची नोंद शोधायला भिंग लागायचं!). आता फक्त लाईटमध्ये पैसे टाकले तेवढीच एक ओळ येते. हां, एक गोष्ट मात्र लेखात हवी होती, ही शिल्लक त्या फोनपुरतीच असते, तेव्हा नवीन फोन घ्यायच्या आधी लाईट बंद करून पैसे खात्यात परत घ्या. आणि पिन नाही म्हणजे फोनला लॉक हवंच, आमच्याकडे अजून त्यावरूनच वाद चालू आहेत.