क्यूब पास झाला म्हणून पाइल पास होत नाही

‘पाइलची टेस्ट म्हणजे कन्सल्टंटनं पैसे उकळायचा धंदा’ असा मेसेज पुनर्विकासाच्या ग्रुपांवर फिरतोय. पाइल म्हणजे इमारतीचा भार पेलायला जमिनीत खोलवर भरलेला काँक्रीटचा खांब. तो मामांपर्यंत पोचला. मामा सोसायटीचे सचिव. कमिटीत तो वाचला गेला आणि इंटिग्रिटी टेस्टचा, म्हणजे पाइल आतून अखंड आहे का ते वरून ठोकून बघायच्या टेस्टचा, खर्च वाचवायची भाषा सुरू झाली.

मेसेजचं मुख्य म्हणणं, 28 दिवसांचा क्यूब (काँक्रीटचा नमुना ठोकळा) ताकदीत पास झाला की पाइल पक्का. हे धादांत चूक आहे आणि घातकही. क्यूब भरतात वर, उजेडात, 15 सेंटिमीटरच्या साच्यात, नीट ठोकून. त्यातून गाडीतल्या काँक्रीटची ताकद कळते, बस. तेच काँक्रीट पुढे बेंटोनाइटनं (कडा ढासळू नयेत म्हणून भरलेल्या पातळ चिखलानं) भरलेल्या बोअरमध्ये ट्रेमी पाइपातून, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या नळीतून, उतरतं. पाइपाचं तोंड सतत ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेलं लागतं. पुढची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, ट्रेमी चोक झाला, घाईत कुणी तो जास्त वर ओढला, की मध्येच बेंटोनाइट आणि गाळ शिरतो. कडेची माती ढासळली तर पाइल तिथं बारीक होतो. टाकीत क्युरिंगला ठेवलेला क्यूब यातलं काय सांगणार?

‘हातोडीनं ठोकून 20 मीटर खालचं काय कळणार?’ कळतं. पाइलचं डोकं चांगलं काँक्रीट लागेपर्यंत फोडायचं, सेन्सर चिकटवायचा, छोट्या हातोडीनं ठोका द्यायचा. लहर सेकंदाला साधारण 4000 मीटर वेगानं जाते, म्हणजे 20 मीटरवरच्या तळापर्यंत जाऊन परत यायला 10 मिलिसेकंद. त्याआधीच ठळक लहर परतली, तर मध्ये काहीतरी बिघडलंय. ‘ठोक्यानं पाइल कमकुवत होतो’ यावर काय बोलायचं! डोकं फोडायला ब्रेकर चालवतात तेव्हा कुणी हरकत घेत नाही.

एक मात्र मान्य करावं लागेल, टेस्ट सगळं पकडत नाही. आयएस 14893 हे भारतीय मानकच सांगतं, की छोटे दोष, सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर कुठं कमी पडणं, तळाखालची स्थिती यात दिसत नाही आणि ही टेस्ट लोड टेस्टची (पाइलवर भार चढवून बघायच्या टेस्टची) जागा घेत नाही. पण लोड टेस्ट मोजक्याच पाइलवर होते. बाकीचे कुणी बघायचे?

पाइल वेळेवर नीट बघितले नाहीत तर काय होतं? हाँगकाँगच्या शा टिनमध्ये बरेच पाइल ठरल्या खोलीपर्यंत पोचलेच नव्हते. 1999 मध्ये हे उघड झालं तेव्हा दोन इमारती तिसाहून जास्त मजले चढल्या होत्या. त्या पाडाव्या लागल्या.

मामांना सांगितलंय, प्रत्येक पाइलच्या टेस्टचा ग्राफ आणि त्याच नंबरची काँक्रीट भरल्याची नोंद सोबतच मागा, तीही पाइल कॅप (पाइलच्या डोक्यांवर भरतात तो काँक्रीटचा ठोकळा) भरायच्या आधी. कॅप पडली की पाइलचं डोकं हाती लागत नाही.