खांद्याची शिवण आधी बघा, ब्रँड नंतर

‘कमी कपडे घ्या, पण ब्रँडेडच घ्या’ हा तुमच्या कपड्यांवरच्या लेखातला सल्ला नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांना झेपणारा नाही. मला फॅशनमधलं फारसं कळत नाही आणि पगारातला बराचसा भाग घरी पाठवावा लागतो, पण त्यामुळे नीटनेटकं राहणं अडलेलं नाही. मुंबईत दादरच्या हिंदमाता कापड बाजारात शर्टाचं कापड मीटरवर मिळतं. ५८ इंची पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी) असेल तर पूर्ण बाहीचा शर्ट साधारण १.६ मीटरमध्ये बसतो. ३६ इंचीला मात्र सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, त्यामुळे भाव विचारताना पन्हाही विचारा. सुती कापड शिवायला टाकण्याआधी पाण्यातून काढाच, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. रेडीमेड घेताना खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर येते का ते बघा. कंबर, बाही, उंची शिंपी सहज कमी करतो, खांदा दुरुस्त करणं फार किचकट. रंगांचं म्हणाल तर राखाडी आणि नेव्ही ब्लू पँटवर जवळपास कुठलाही शर्ट चालतो. एवढ्या मोठ्या लेखात अल्टर करणाऱ्या शिंप्यांबद्दल एक ओळही नाही, याचं खरंच वाईट वाटलं. पुढच्या लेखात त्यांच्याबद्दल जरूर लिहा.