लिलाव जाहीर, पण माल एकाच्याच घशात

कंपन्या जुना माल ज्या पद्धतीनं लिलावात काढतात ना, त्यावर एकदा लिहायचंच होतं. मध्यंतरी कोल्हापूरजवळ शिरोलीकडच्या एका कंपनीला शेड रिकामी करायची होती. नाव कशाला घ्या. तर लेथ (लोखंड कातायचं मशीन), रेडियल ड्रिल, दोन मिलिंग मशिनी, मोटारी, पाइप, कपाटं, मोडक्या खुर्च्या, वॉटर कूलर सगळं मिळून एकच लॉट, म्हणजे घ्यायचं तर सगळं एकदम, आणि अनामत एवढी की उद्यमनगरातल्या चार वर्कशॉपवाल्यांनी खिसे झटकले तरी भरायची नाही. माल घेतला एका मोठ्या भंगारवाल्यानं. त्याला तरी काय बोलायचं, त्यानं किलोवर घेतला, किलोवर विकला, त्याचा धंदाच आहे तो.

पण हिशोब बघा की. दीड टनाचा चालू लेथ समजा 35 रुपये किलोनं गेला तर कंपनीला 52,500 रुपये मिळाले. तोच सुटा ठेवून, वीज जोडून, चालवून दाखवला असता तर आमच्यातल्या कुठल्याही वर्कशॉपवाल्यानं लाख-दीड लाखाच्या खाली बोली लावली नसती, कारण जुन्या लेथचं बिडाचं बेड, म्हणजे खालचा पाया, वर्षानुवर्षं मुरलेलं असतंय, ते आता वाकत न्हाई की ताणत न्हाई, स्क्रेपिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं की अजून वीस वर्षं जातंय. आणि हा लेथ कुठं जातो माहिताय? फोडून परत इथल्याच एखाद्या फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या भट्टीत. भंगाराशिवाय आपल्या फौंड्र्या चालत नाहीत हे मलाही कळतंय ओ, पण म्हणून चालतं मशीन वितळवायचं?

कंपनीतल्या परचेसवाल्या साहेबांना विचारलं तर त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही. एक पार्टी, एक पेमेंट, एक गेटपास, आठ दिवसांत शेड मोकळी. सुटं विकायचं म्हटलं की वीस माणसं आत येणार, प्रत्येकाची हायड्रा (क्रेन) वेगळी, कोण गॅस कटर घेऊन भलतंच काय कापून नेणार, सेफ्टीवाला बोंबलणार. मान्य. मग पहिल्या आठवड्यात फक्त चालू मशिनी एकेक करून काढा, उरलेल्याचा एक भंगार लॉट करा आणि द्या खुशाल किलोवर. यात अवघड काय आहे मला सांगा.

लिलाव कसा करायचा हे कोल्हापूरला शिकवायला नको खरं तर. शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच, आणि आजही गुळाचे सौदे निघतात तेव्हा ज्याचा त्याचा माल वेगळा मांडलेला असतो, व्यापारी रंग बघतो, कण तोडून तोंडात टाकतो आणि मग दर बोलतो. सगळ्या गावचा गूळ एका ढिगात ओतून "घ्या सगळा न्हाईतर सोडा" असं कुणी म्हणतंय का?

आता इन्स्पेक्शन. सकाळी 11 ते 1, शेडची लाइट तोडलेली, मोबाइलच्या टॉर्चवर मशीन बघायचं. नोटिशीत ठरलेलं वाक्य, "जसे आहे, जेथे आहे, जे आहे". म्हणजे घरी नेल्यावर गिअरबॉक्समध्ये दात नसले तरी तक्रार नाही. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन असेल तर अजून वाईट, कारण महिनोन् महिने बंद ठेवली आणि आतली बॅटरी संपली की बऱ्याच जुन्या कंट्रोलचे पॅरामीटर, म्हणजे आत भरलेली सेटिंग, उडतात, बॅकअप कुणाकडं नसतोय, मग तो लाखांचा डबा. विकायचं ठरलं त्याच दिवशी कुणीतरी बॅटरी बदलून बॅकअप काढून ठेवला तर बोली दुप्पट येईल, पण ते करणारा मेंटेनन्सवाला आधीच काढलेला असतो.

ऑनलाइन झालं की सगळं स्वच्छ होतं असंही मानू नका. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ आपोआप वाढते वगैरे सोयी चांगल्याच आहेत, सरकारी माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावाच्या साइटवर जातो तिथं घरबसल्या बघता तरी येतो. पण रिंग करणारे रिंग करतातच. आधी चहाच्या टपरीवर बसायचं, एकानं बोली लावायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं, नंतर माल आपसात वाटून घ्यायचा. 2002 च्या स्पर्धा कायद्यात याला बंदी आहे, पण तक्रार करणार कोण? उलटी बाजू पण आहे, काही विकणारे आपलाच माणूस खोटी बोली लावायला बसवतात. 1930 च्या मालविक्री कायद्यात कलम 64 आहे, त्यात स्पष्ट आहे की भाव चढवायला अशी खोटी बोली लावली तर घेणारा सौदा मोडू शकतो. किती जणांना माहिताय हे? रिंग मोडायला माझ्या मते एकच औषध, लॉट बारीक करा. पन्नास नवीन माणसं बोलीला आली की टपरीवर कुणाकुणाला गप्प बसवणार?

घेणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवा. मशीन बँकेकडं तारण असेल तर बँकेची एनओसी बघितल्याशिवाय पैसे भरू नका. पॅटर्न आणि डाय, म्हणजे माल बनवायचे साचे, बऱ्याचदा कंपनीच्या नसतातच, गिऱ्हाइकाच्या असतात. बोलीवर 18 टक्के जीएसटी, हायड्रा, हमाली, आणि ठरलेल्या मुदतीत उचललं नाही तर जागाभाडं, हे सगळं धरून आकडा बोला. वापरलेलं ऑइल आणि जुन्या बॅटऱ्या लॉटमध्ये असतील तर नोंदणी असलेल्या रिसायकलरचंच ते काम, उगं स्वस्त म्हणून घरी आणू नका.

असो. गुरुवारी कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीमध्ये एका कंपनीत इन्स्पेक्शन आहे, दोन सरफेस ग्राइंडर आणि एक शेपर सुटे काढलेत म्हणे, आणि लाइट पण चालू आहे. गाडीत दोन जागा आहेत, यायचं असेल त्यानं बुधवारी रात्रीपर्यंत सांगा. डायल गेज (मशीनची झीज मोजायचं घड्याळ) कुणाकडं असेल तर घेऊन या, माझा एकानं नेलाय तो अजून परत दिलेला नाही.