ओठ जुळण्याचे आठवडे आणि आईवर येणारा आळ

दुभंगलेला ओठ घेऊन बाळ जन्माला आलं की प्रश्नांचा रोख लगेच आईकडे वळतो. "काय खाल्लं होतंस? कुठली गोळी घेतलीस?" बाळाचा बाप शेजारीच उभा असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. माझ्या जवळच्या नात्यात हे घडलंय आणि तेव्हापासून या प्रश्नांची मला मनापासून चीड आहे.

चेहरा घडतो कसा, ते आधी पाहा. गर्भ जेमतेम काही मिलिमीटरचा असतो तेव्हा चेहऱ्याचे भाग सुटे असतात. दोन्ही बाजूंचे उंचवटे मधल्या भागाकडे सरकत येतात, त्याला चिकटतात आणि वरचा ओठ तयार होतो. टाळूचं, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताचं, तर याहून नवल. टाळूचे दोन पडदे सुरुवातीला जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. मग जीभ खाली बसते, पडदे उचलले जाऊन आडवे होतात आणि मधोमध एकमेकांत मिसळतात. यात कुठे अडलं की फट राहते. ओठाचं हे काम गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात चालतं, टाळूचं सहाव्या ते नवव्या.

आता हिशोब करा. पाळी चुकली, चाचणी झाली, डॉक्टरांकडे नाव नोंदवलं, तोवर ओठाचं जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं असतं. आणि "आता जपून राहा" हा सल्ला तिथून पुढे सुरू होतो! सल्ला उशिरा द्यायचा आणि दोष मात्र तिला द्यायचा, हे मला पटत नाही.

जगभरात साधारण 700 बाळांमागे एकाला ओठाची किंवा टाळूची फट असते. बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारण सापडत नाही. जनुकांचा वाटा मोठा आहे, पण एकसारख्या जुळ्यांतही कधी एकाचा ओठ दुभंगलेला असतो आणि दुसऱ्याचा अखंड. त्यामुळे सगळं जनुकांवरही ढकलता येत नाही.

काही धोके मात्र नीट माहीत आहेत. सुरुवातीच्या आठवड्यांतलं आईचं धूम्रपान या फटींना कारणीभूत ठरतं, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) 2014 च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराशीही संबंध दिसलाय, तेव्हा घरात सिगारेट ओढणाऱ्याने स्वतःला यातून वगळू नये. गर्भ राहण्याआधीपासून असलेला मधुमेह हा आणखी एक धोका. फिट्सवर आणि मायग्रेनवर दिल्या जाणाऱ्या टोपिरामेटबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच इशारा दिला होता. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन तर चेहरा, कान, हृदय, मेंदू सगळ्यालाच घातक. ते 'अ' जीवनसत्त्वाच्याच कुळातलं, म्हणून या जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. (फिट्सची गोळी घाबरून परस्पर बंद करणंही तितकंच धोक्याचं. बदल करायचा तो डॉक्टरांशी बोलून, आणि गर्भ राहण्याआधी.)

फॉलिक ॲसिडबद्दल अतिशयोक्ती करणार नाही. मेंदू आणि मणक्याचे दोष त्याने टळतात, याचा पुरावा भक्कम आहे. ओठ-टाळूच्या बाबतीत काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. तरीही रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावीच, आणि ती मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून, कारण मणक्याची नळीसुद्धा गर्भधारणेनंतर चारेक आठवड्यांत बंद होते. पण गोळी घेऊनही बाळाला फट असू शकते, हे घरच्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. नाहीतर "गोळ्या विसरली असेल" म्हणून पुन्हा तिलाच ऐकवलं जातं.

टाळू दुभंगलेल्या बाळाला ओढून दूध पिता येत नाही, तोंडात पोकळी धरली जात नाही, दूध नाकातून बाहेर येतं. खास बाटलीने, बाळाला उभं धरून, थोडं थोडं पाजावं लागतं. एकेका वेळेला तास जातो. त्या बाईला तेव्हा बाटली धरणारं आणखी एक माणूस हवं असतं आणि आपण तिची उलटतपासणी घेत बसतो.

आईवडिलांना स्वतःला फट नसेल आणि पहिल्या बाळाला असेल, तर पुढच्या बाळाला ती असण्याची शक्यता साधारण 2 ते 5 टक्के असते. अशा जोडप्याला डॉक्टरांनी दुसऱ्या बाळाचा विचार सुरू होतानाच बोलवावं. दोघांनाही. तिची औषधं, तिची साखर, दोघांचं धूम्रपान, घराण्यातला इतिहास, सगळं तेव्हाच तपासावं. आणि मुरुमांची किंवा फिट्सची गोळी लिहून देताना "मुलाचा विचार आहे का?" एवढं प्रत्येक डॉक्टरने विचारावं. काही महिने आधी विचारलेल्या या प्रश्नाने गोळी बदलता येते.