पाना तिच्याही हातात द्या

माझे वडील नाशिकजवळच्या ओझर मिग या विमान कारखान्यात फिटर होते. कारखान्याचं नाव एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स), पण आमच्याकडे जुनी माणसं अजूनही ‘मिग’च म्हणतात. वडील सांगायचे, पाळी संपताना एक स्क्रू ड्रायव्हर जरी जागेवर दिसला नाही, तरी तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं. त्यांनी माझ्यावर खूप जीव लावला. पण सायकलची चेन बसवायला त्यांनी शिकवलं ते भावाला. मी शेजारी कंदील धरून उभी असायचे.

हे सगळं आत्ता आठवायला कारण भाची. दहावीचा निकाल लागला आणि ती आईला घेऊन आयटीआयची चौकशी करायला गेली. तिला फिटर ट्रेड हवा होता. खिडकीतल्या माणसाने तिच्याकडे बघितलंही नाही. तिच्या आईला म्हणाला, “ताई, ड्रेस मेकिंग टाकू का? मुलींना बरं पडतं.” शिवणकाम हलकं नाही, माझी आई त्यावर घर चालवायला हातभार लावायची. पण पोरीने मागितलं काय आणि तिला दाखवलं काय!

आपल्या देशात वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. मला त्याचा अभिमान आहे. पण कॅप्टन कुणीही असो, दुरुस्तीनंतर लायसन असलेल्या इंजिनियरची सही झाल्याशिवाय विमान प्रवासी घेऊन उडत नाही. ती सही करणाऱ्या बाईचा फोटो तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? आणि पायलट व्हायला अर्ध्या कोटीच्या घरात खर्च येतो, तो आमच्या गावातल्या किती घरांना झेपेल? बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असेल तर एएमईचा, म्हणजे विमान दुरुस्तीचा लायसनवाला इंजिनियर होण्याचा, रस्ता आहे, त्याला त्या मानाने बराच कमी खर्च येतो. सोपा मात्र नाही. मोठ्या विमानांच्या इंजिन-यंत्रांच्या कामाच्या, म्हणजे बी-वन, लायसनचा मान्यताप्राप्त कोर्सच २४०० तासांचा असतो. दहावीनंतर आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून विमान कारखान्यात जाता येतं, तेही कुणी मुलींना सांगत नाही.

“ताकद लागते,” म्हणतात. अहो, इंजिन पुरुषसुद्धा हाताने उचलत नाहीत, त्याला होइस्ट, म्हणजे वजन उचलायचं यंत्र, असतं. बोल्ट किती आवळायचा ते पुस्तकात लिहिलेलं असतं आणि टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, मोजून आवळायचं असतं. जोर लावून जास्त आवळला तर ती चूकच. याच्या उलट, “मुलींची बोटं नाजूक, वायरिंगला बऱ्या” हे कौतुकही मला नको. त्या कौतुकाने मुलगी आयुष्यभर वायरिंगच्या टेबलावर बसते आणि सही दुसराच करतो.

बिअ‍ॅट्रिस शिलिंग या इंग्रज बाईंबद्दल वाचलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होते. चौदाव्या वर्षी तिने मोटरसायकल घेतली होती आणि ती स्वतः खोलून जोडायची. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांचं नाक एकदम खाली केलं की कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा हिशोब बिघडून इंजिन दगा द्यायचं. शत्रू मागे असताना! १९४१ मध्ये शिलिंगबाईंनी पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोकाची छोटीशी चकती तयार केली आणि छोटी टीम घेऊन तळातळांवर जाऊन ती बसवून दिली. तिलाही कुणी लहानपणी कंदील देऊन उभं केलं असतं तर?

आपल्याकडे हवाई दलात २०१९ मध्ये हिना जयस्वाल पहिल्या महिला फ्लाइट इंजिनियर, म्हणजे उड्डाणात विमानाच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या, झाल्या. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए लढाऊ विमान आमच्या डोक्यावरून उडालं. काम दाराशी आलंय.

रात्रपाळीची काळजी मलाही आहे, कारण विमानांची बरीच तपासणी रात्रीच होते. पण आपल्या घरातल्या नर्स कधीपासून रात्रपाळी करताहेत. त्यांच्यासाठी जे मागतो तेच इथेही मागू: घरापर्यंत गाडी, हँगरजवळ (विमान दुरुस्तीच्या शेडजवळ) स्वच्छ संडास, मापाचे सेफ्टी शूज. पुरुषाच्या मापाचे बूट घालून शिडीवर चढवणं हा धोका आहे आणि तो कंपनीनेच टाळला पाहिजे.

परवा मी भाचीबरोबर गेले. फॉर्म तिनेच भरला. पहिला पर्याय फिटर, दुसरा मशिनिस्ट. घरी आल्यावर वडिलांची जुनी पेटी उघडून तिच्यापुढे ठेवली. १०-११ चा पाना उचलून तिने विचारलं, “मावशी, सायकल कुठेय?”