‘टेबल आणि क्रॉन पुरला असता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इचलकरंजीच्या एका वितरकाची वेबसाइट टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडली, त्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवसाला शे-दीडशे ऑर्डरींसाठी ॲमेझॉनचं एसक्यूएस (ऑर्डर मेसेज म्हणून क्यूत, म्हणजे रांगेत, ठेवणारी सेवा; पलीकडचा प्रोग्राम तो सवडीनं उचलतो) म्हणजे पावशेर साखर वाटायला हत्ती आणणं. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये एक टेबल आणि दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारा प्रोग्राम, म्हणजे क्रॉन, पुरला असता. शिवाय बिल वाढणार ते वेगळंच. आणि ‘ऑर्डर हरवणं आता शक्यच नाही’ हे माझं वाक्य धादांत खोटं.

शेवटचं आधी घेतो, कारण ते खरं आहे.

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या संध्याकाळी त्यांचं ऑफिस बंद झालं, ते भाऊबीज उलटल्यावर उघडलं. हिशेब बघणाऱ्या ताईंनी पीसी सुरू केला, टॅलीत व्हाउचर, म्हणजे ऑर्डरींच्या नोंदी, भराभर पडली, सगळे खूश. दुपारी एका कारखानदाराचा फोन: माझे मागाचे पिकर कुठे आहेत? वेबसाइटवर ऑर्डर होती, टॅलीत नव्हती. मोजलं तर २३ ऑर्डरी गायब. एसक्यूएस आपण काही सांगितलं नाही तर मेसेज ४ दिवसच ठेवतं, आणि ती सेटिंग मी उघडूनही पाहिली नव्हती. मुदत संपलेला मेसेज डेड-लेटर क्यूतही (वारंवार फसलेले मेसेज बाजूला ठेवायच्या रांगेत) जात नाही, गुपचूप पुसला जातो. आता १४ दिवस लावलेत. त्याहून जास्त लावताच येत नाहीत. लेखातलं ते वाक्यही काढलं आहे.

आता गंमत बघा. त्या २३ ऑर्डरी परत मिळाल्या त्या तुमच्या टेबलामुळेच! वेबसाइट ऑर्डर नोंदवते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे दोन्ही नोंदी होतात, नाहीतर एकही नाही) ‘पाठवायचे’ नावाच्या टेबलात एक ओळ टाकते, आणि एक छोटा प्रोग्राम ती उचलून क्यूत ढकलतो. ऑर्डर नोंदवून थेट क्यूत पाठवायला गेलं आणि मधल्या क्षणी सर्व्हर बसला, तर मेसेज जातच नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून ते टेबल. मूळ लेखात मी ते एका ओळीत उरकलं होतं, तुमचा गैरसमज व्हायला तेच कारण झालं असावं. दिवाळीतल्या सगळ्या ओळी पुन्हा पाठवल्या. टॅलीत आधीच पडलेल्या ऑर्डरी एजंटनं (ताईंच्या पीसीवरचा, क्यूतून मेसेज उचलून टॅलीत टाकणारा प्रोग्राम) ऑर्डर क्रमांक बघून सोडून दिल्या.

ही क्रमांक बघण्याची अक्कलही ठेच लागूनच आली. मेसेज उचलला की एसक्यूएस तो ३० सेकंद लपवून ठेवतं; तेवढ्यात ‘झालं, आता पुसा’ असं कळवलं नाही तर तो परत दिसू लागतो. एका मोठ्या ऑर्डरीला टॅलीनं पाऊण मिनिट घेतलं. दुसऱ्या पीसीवर एजंटची चाचणीची प्रत मी बंद करायची विसरलो होतो, तिनं तोच मेसेज उचलला. एकाच मालाची दोन बिलं! साध्या क्यूत ‘किमान एकदा’ पोचण्याचीच हमी असते. दुसऱ्यांदा आलेला ओळखणं आपलं काम.

मग क्यू हवाच कशाला? तर पलीकडच्या टोकासाठी. टॅली ताईंच्या पीसीवर आहे, ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, एक्सएमएल स्वरूपात माहिती घेतं. पीसी सातला बंद, ब्रॉडबँडचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदलता. तुमचा क्रॉन सर्व्हरवरून तिथं पोचणार कसा? राउटरवर पोर्ट उघडून टॅली जगासमोर मांडायचं? की पीसीसाठी मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट उघडायचं? तिसरा मार्ग म्हणजे आपणच एपीआय (पीसीनं सर्व्हरकडे काम मागायची सोय) लिहायचा: ओळ दे, कुलूप लाव, पोच आली नाही तर कुलूप काढ, पाचदा फसली तर बाजूला ठेव. मायएसक्यूएल ८ मध्ये ‘स्किप लॉक्ड’ (कुलूप लागलेल्या ओळी सोडून पुढची घेणं) आहे, त्यामुळे जमतं. मी हे पूर्वी दोनदा लिहिलंय. तिसऱ्यांदा लिहायचा कंटाळा आला, हे खरं कारण. एजंट आतून बाहेर जाऊन मेसेज मागतो, बाहेरून कुणी आत येत नाही, मला एवढंच हवं होतं. दोन्ही सिस्टिम एकाच डेटाबेसवर असत्या तर मीही टेबल-क्रॉनच केलं असतं.

एक गोष्ट मात्र क्यू सोडवत नाही. टॅली चालू आहे पण त्यातली कंपनी (त्या धंद्याची हिशेबवही) उघडलेली नाही, असं ताईंकडे सकाळी हमखास होतं. पाच प्रयत्नांची मर्यादा अडीच मिनिटांत संपायची आणि चहा होईपर्यंत रात्रभराच्या सगळ्या ऑर्डरी डेड-लेटर क्यूत जाऊन पडायच्या. आता एजंट आधी कंपनी उघडी आहे का बघतो, नसेल तर क्यूला हातच लावत नाही.

बिलाचं म्हणाल तर, २० सेकंदांचं लाँग पोलिंग (क्यू रिकामी असेल तर उत्तराआधी तेवढा वेळ वाट बघणं) लावलं की महिनाभर अखंड चालूनही साधारण १ लाख ३० हजार रिक्वेस्ट होतात. १० लाख फुकट आहेत. दर सेकंदाला विचारत बसलात तर २६ लाखांच्या आसपास जातात, तेव्हा ते तेवढं करू नका.

आता माझाच एक प्रश्न. रद्द केल्याचा मेसेज मूळ ऑर्डरीच्या आधी पोचला तर तुमच्याकडे काय करता? क्रमवार, म्हणजे फीफो क्यू घ्यावा तर एक मेसेज अडकला की त्या गटातले मागचे सगळे खोळंबतात. मी सध्या तो रद्दचा मेसेज १५ मिनिटांसाठी पुन्हा लपवतो आणि परत बघतो. ओबडधोबड आहे. तुमच्याकडे काही बरं असेल तर जरूर लिहा.