‘पोस्टमनमध्ये चालतंय’ एवढ्याने सर्व्हर बरोबर ठरत नाही

डेव्हलपरांच्या ग्रुपवर एक सल्ला सतत फिरत असतो: “जेसन म्हणजे साधा मजकूर. पोस्टमनमध्ये रिक्वेस्ट चालली म्हणजे सर्व्हर बरोबर. तरी ॲप अडलं तर चूक ॲपवाल्याची. आणि ही कटकटच नको असेल तर प्रोटोबफ घ्या.” जेसन आणि प्रोटोबफ म्हणजे ॲप आणि सर्व्हर यांनी एकमेकांना डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती; पोस्टमन म्हणजे सर्व्हरला हाताने रिक्वेस्ट पाठवून बघायचं साधन. नव्याने कामाला लागलेली मुलं हे पाठ करतात आणि मग चुकीच्या जागी दिवसचे दिवस शोधत बसतात. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासू या.

आधी पोस्टमन. तो तुमच्या ॲपमधला डेटाचा ऑब्जेक्ट बनवत नाही. तुम्ही हाताने टाइप केलेला मजकूर पाठवतो आणि आलेला मजकूर दाखवतो. सिरियलायझेशन, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर बनवणं, होतं ते वापरणाऱ्याच्या फोनवर, त्या फोनच्या सेटिंगसकट. दूध संकलनाच्या एका ॲपवर मी काम करत होतो, तेव्हा एका गावाहून तक्रार आली की फॅट भरली की एंट्री जातच नाही. ऑफिसमधल्या सगळ्या फोनवरून जात होती, पोस्टमनमधूनही जात होती. दोन दिवस आम्ही लॉगमधला चारशेचा (रिक्वेस्ट चुकीची असल्याचा) एरर बघत होतो. शेवटी संस्थेच्या सचिवांकडून स्क्रीनचा फोटो मागवला. फॅट: ४.५. आम्हा मराठी माणसांच्या डोळ्यांना त्यात काही खटकलंच नाही!

सचिवांचा फोन मराठीत होता. आमच्या कोडमध्ये स्ट्रिंग (मजकूर) फॉरमॅट करताना लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेच्या पद्धतीने लिहायचं ते, दिलेलं नव्हतं. मराठी लोकेलचे ठरलेले अंक देवनागरी, म्हणून अँड्रॉइडने इंग्रजी चार-पॉइंट-पाचऐवजी देवनागरी ४.५ पाठवलं, आणि सर्व्हरवरचं जावाचं पार्स-डबल (मजकुरातून दशांश संख्या वाचणारं फंक्शन) देवनागरी अंक घेत नाही. सभासद क्रमांकही देवनागरीतच जात होता, पण पूर्णांक वाचणारं पार्स-इंट हे अंक ओळखतं, म्हणून तो पार होत होता आणि फॅट तेवढी अडकत होती. फॉरमॅट करताना लोकेल.रूट (कुठल्याही एका भाषेचं नसलेलं लोकेल) दिलं आणि एंट्री जायला लागली. चूक ॲपची होती, हे मान्य. पण पोस्टमनमध्ये ती कधीच दिसली नसती.

आता ‘साधा मजकूर’. मजकूर आहे खरा, पण वाचणारा त्याचं काय करणार हे त्यात लिहिलेलं नसतं. ९००७१९९२५४७४०९९३ हा आयडी अँड्रॉइडच्या लाँग या पूर्णांकाच्या प्रकारात नीट बसतो. जावास्क्रिप्टमधला सर्व्हर तोच नेहमीच्या पद्धतीने पार्स करतो, म्हणजे मजकुरातून वाचतो, तेव्हा शेवटचा ३ जाऊन २ होतो, आणि एररही येत नाही. इथे ॲपवाल्याचा काय दोष? ट्विटरने २०१० साली आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली ती याच अडचणीमुळे.

तारखेचं दुखणं याहून वाईट, कारण जेसनमध्ये तारीख नावाचा प्रकारच नाही. स्विफ्टचा जेसन एन्कोडर, काही न सांगता, १ जानेवारी २००१ पासूनचे सेकंद लिहितो. सर्व्हर ते १९७० पासूनचे समजतो. फरक ९७,८३,०७,२०० सेकंदांचा, म्हणजे बरोबर ३१ वर्षांचा. २०२५ मधली नोंद १९९४ मध्ये जाऊन पडते. ॲपची स्वतःची टेस्ट मात्र पास होते, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकच. दोन्ही बाजूंनी तारखेचा फॉरमॅट लिहून ठरवला नसेल, तर चूक कुणाची हा वाद मिटणारच नाही.

आणखी एक, रिलीज बिल्डचं, म्हणजे लोकांना द्यायच्या ॲपच्या प्रतीचं. अँड्रॉइडचं कोड आटोपशीर करणारं साधन आर-एट फील्डची नावं बदलून एकेका अक्षराची करतं. जीसन हे जेसन बनवणारं साधन फील्डच्या नावावरूनच की (जेसनमधलं नाव) बनवतं, त्यामुळे डीबगमध्ये, म्हणजे डेव्हलपरच्या प्रतीत, धड चालणारं ॲप रिलीजमध्ये ‘ए’, ‘बी’ अशा की पाठवू लागतं. सर्व्हर अनोळखी की सोडून देणारा असेल तर डेटाबेसमध्ये नल (रिकाम्या किमती) साठत जातात. फील्डवर सिरियलाइज्ड-नेम (की पक्की करणारी खूण) लावा, आणि रिलीज बिल्ड प्रॉक्सीमागे (मधे बसून ये-जा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममागे) चालवून फोनमधून नेमकं काय बाहेर पडतंय ते वाचा.

राहिलं प्रोटोबफ. ते चांगलं आहे, प्रकार आधी ठरवून घ्यायला लावतं. पण तिथे ओळख नावाची नसून फील्डच्या क्रमांकाची असते. काढलेल्या फील्डचा क्रमांक कुणी नव्या फील्डला दिला, तर जुनी ॲप्स त्या जागी भलतंच वाचतात. काढलेले क्रमांक रिझर्व्हड (पुन्हा न वापरण्यासाठी राखीव) करून ठेवावेच लागतात. आणि आम्ही फॅट स्ट्रिंग फील्डमध्ये टाकली असती, तर सचिवांचं देवनागरी ४.५ प्रोटोबफनेही जसंच्या तसं सर्व्हरवर पोचवलं असतं.